गल्ल्याशेजारी क्यूआर लावताना
आधी धंद्याचं खातं वेगळं काढा. घरखर्च त्यातच मिसळला की महिनाअखेरीचा हिशेब फसतो. बँक खात्यातून थेट आलेल्या यूपीआय पैशांवर २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. पैसे जमा झाले की बोलून सांगणाऱ्या साउंडबॉक्सचं मासिक भाडं मात्र आधीच विचारून घ्या. दादर मार्केटच्या गर्दीत तो हवाच, कारण गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट खोटा असू शकतो. पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी टाकायला लावला, तर पैसे तुमचेच जाणार. रोज शटर उघडल्यावर दुसऱ्या फोनने क्यूआर स्कॅन करून नाव वाचा, रात्रीतून वर भलताच स्टिकर चिकटलेला असतो. आणि कराची धास्ती? अनुमानित कर योजनेत, म्हणजे विक्रीचा ठरावीक टक्का नफा मानून छोट्या धंद्यांना कर लावतात त्यात, रोख विक्रीवर ८ टक्के नफा धरतात, डिजिटलवर ६.