इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री पॉलिश करू नका

24 वर्षं वर्दी अंगावर होती, त्यातली शेवटची काही नव्या पोरांचे बूट तपासण्यात गेली. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री अकराला बरॅकमध्ये डोकावलं की एक दृश्य हमखास दिसायचं. पोरगं मांडी ठोकून बसलंय, बुटावर पॉलिशचा लपका, आणि ब्रश जीव खाऊन चाललाय. सकाळी याचं काय होणार, ते मला तेव्हाच कळायचं, कारण मीही एकदा असाच बसलो होतो. अर्धी डबी संपवली होती. रात्रीच्या दिव्यात बूट झकास दिसत होते. सकाळी उस्ताद, म्हणजे आमचे कवायत शिकवणारे, समोर आले, खाली पाहिलं आणि म्हणाले, "चवड्यावर उभा राहा." मी टाचा उचलल्या. बूट जिथे दुमडतो तिथला थर टिचला आणि भिंतीचा पोपडा सुटावा तसा मेणाचा तुकडा जमिनीवर पडला. ते एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या पोरासमोर जाऊन उभे राहिले.

म्हणून पहिली गोष्ट ही की आरशासारखी चकाकी दोनच जागी आणायची, पुढच्या टो-कॅपवर आणि मागे टाचेवर. तिथे चामड्याखाली कडक अस्तर असतं, ते वाकत नाही. बाकी बुटाला ब्रशची साधी चमक पुरते.

पॉलिश म्हणजे मेण, रंग आणि मेण पातळ ठेवणारा द्राव. द्राव उडून जातो, मेण चामड्याच्या छिद्रांत बसतं. ती छिद्रं भरून पृष्ठभाग सपाट झाला की चेहरा दिसायला लागतो. आता जाड थर एकदम दिला, तर वरचा वाळतो आणि खालचा ओलाच राहतो. मग माझ्यासारखा पोपडा.

जुन्या सुती बनियनचा तुकडा घ्या. दोन बोटांवर ताणून बसवा, उरलेलं कापड पिळून मुठीत धरा. बोटांच्या टोकावर एकही सुरकुती नको, तिचा ओरखडा मेणावर उमटतो. डबीला कापड नुसतं टेकवायचं, खरवडायचं नाही. नाण्याएवढी छोटी वर्तुळं काढत जा. पहिले तीन-चार थर दिसायला निराशाजनकच असतात, सगळं धुरकट. दोन थरांमध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या. त्यानंतर डबीच्या झाकणात थोडं पाणी घ्या आणि कापडावर एखादा थेंब लावून तशीच वर्तुळं. पाण्यामुळे मेण कापडाला न चिकटता बुटावर राहतं. पाण्याचे बारीक मणी दिसतात, धुकं येतं, आणि हात हलका ठेवला तर त्याच धुक्यातून डोक्यावरच्या ट्यूबलाइटची कड स्पष्ट होत येते. हात इथे जड पडला की खालचं मेण उचकटलंच म्हणून समजा. कोऱ्या बुटावर या सगळ्याला तीन-चार संध्याकाळी लागतात. एका रात्रीत होत नाही ते याचसाठी.

लायटरनं मेण वितळवणारे बहाद्दर प्रत्येक तुकडीत असतात. त्यातला द्राव पेट घेतो, चामडंही करपतं. थर फारच बिघडला असेल तर कापसावर स्पिरिट घेऊन सगळं मेण उतरवा, चामड्याला क्रीम द्या, आणि पुन्हा श्रीगणेशा करा.

तुमचे बूट मुळातच चकचकीत, म्हणजे पेटंट लेदरचे (वर चकचकीत लेप दिलेल्या चामड्याचे) किंवा कृत्रिम चामड्याचे असतील, तर यातलं काहीच करू नका. ओलसर कापड, मग कोरडं कापड, झालं. 1960च्या दशकात ड्यूपाँट या अमेरिकी कंपनीनं कॉर्फाम नावाचं कृत्रिम चामडं आणलं होतं. बाजारात ते चाललं नाही आणि 1971 मध्ये कंपनीनं त्याचा गाशा गुंडाळला, पण अमेरिकी सैन्यात अशा बुटांना अजून कॉर्फामच म्हणतात. हे बूट सुती पिशवीत वेगवेगळे ठेवा, एकमेकांना चिकटतात.

आता तपासणारा कुठे बघतो ते सांगतो. टो-कॅप सगळेच चमकवतात, ती पाहून मला काहीच कळत नसे. मी तळव्याच्या कडेची शिलाई बघायचो, आणि टाच व तळवा यांच्या मधली कमान. शिलाईत अडकलेली माती दात घासायच्या जुन्या ब्रशनं काढायची. लेसना इस्त्री करा, पट्ट्या आडव्या आणि समांतर, टोकं आत.

खरं काम परेड संपल्यावर, बूट पायातून काढताना असतं. आधी धूळ झटका. धुळीवरच पॉलिश घासलं तर तो सँडपेपर होतो. मग आत लाकडी साचा, नाहीतर कोंबलेला कागद. ओले बूट उन्हात किंवा हीटरजवळ नकोत, चामडं तडकतं. एक दिवस त्यांना विश्रांती द्या.

वर्दीचंही तसंच. उतरवल्यावर ब्रश मारून रुंद खांद्याच्या हँगरला टांगा. ड्रायक्लीनिंगची प्लॅस्टिक पिशवी काढून टाका, आत दमटपणा कोंडतो. लोकरीच्या कापडावर थेट इस्त्री ठेवलीत तर तंतू चपटे होऊन तिथे तेलकट चमक येते. माझ्या एका बाहीवर ती कायमची राहिली. मध्ये ओलं सुती कापड घाला, इस्त्री टेकवा, उचला, पुढे न्या, ओढू नका. पँटची घडी जुळवताना आतली आणि बाहेरची शिवण एकावर एक आणा. नाहीतर डबल क्रीज पडते, आणि ती दहा पावलांवरून दिसते. घडीच्या आतल्या बाजूनं कोरड्या साबणाची वडी फिरवून बाहेरून वाफ दिली तर धार जास्त टिकते. सुती वर्दीला खळ द्या, पण महिनोन्‌महिने खळीत ठेवू नका, कसर लागते.

बटणांना ब्रासो लावण्याआधी ती पितळेची आहेत की अॅनोडाइज्ड, म्हणजे अॅल्युमिनियमवर सोनेरी थर चढवलेली, ते बघा. अॅनोडाइज्ड बटणावर ब्रासो घासलात तर वरचा थर जाऊन बटण कायमचं मळकं होतं. पितळेच्या बटणाखाली मध्ये खाच असलेली पातळ पट्टी सरकवा, म्हणजे कापडावर डाग पडत नाही. नक्षीत अडकलेली पांढरी पूड टूथपिकनं काढायची. मुलामा दिलेल्या पदकांना पॉलिशचा हातसुद्धा लावू नका.

रिबन आणि नावाची पट्टी अंदाजानं लावायची नाही, सहा इंची पट्टी घेऊन नियमाबरहुकूम मोजायची. सुटे धागे ओढू नका, कापा. शर्टाची बटणपट्टी, बक्कलची कड आणि पँटच्या पुढची पट्टी एका सरळ रेषेत आणा. खिसे रिकामे. एकदा पँट चढवली की बसायचं नाही. मैदानावर जाताना कोरडं फडकं, चिकटपट्टी आणि दोरा ओवलेली सुई बरोबर असू द्या, आणि शेजारच्याला तुमच्या कॉलरची मागची बाजू बघायला सांगा.

रांगेत उभं राहून बुटाचं टोक पोटरीवर घासायची सवय असेल तर सोडा. मेणाचा काळा पट्टा पँटवर उमटतो, आणि तपासणारा रांगेच्या मागूनही फिरतो.