टाइमशेअर विकायला निघालात? या चुका टाळा

नागपूरच्या प्रतापनगरातल्या आमच्या शेजारच्या काकाजींनी पंधरा वर्षांपूर्वी सीताबर्डीतल्या एका हॉटेलात समोसा खात टाइमशेअरची, म्हणजे दरवर्षी ठरावीक दिवस रिसॉर्टमध्ये राहायच्या हक्काची, मेंबरशिप घेतली. लकी ड्रॉचं कूपन भरलं होतं, बक्षीस न्यायला जोडीनं या म्हणाले, अन् दोघं बाहेर आले ते चेकवर सही करूनच. पंचवीस वर्षं, दरवर्षी एक आठवडा. दोन-तीनदा गेलेही. मग गुडघे दुखायला लागले, पोरं पुण्याला गेली, मे महिन्यातलं बुकिंग कधी मिळेचना. मेंटेनन्सचं बिल मात्र दरवर्षी वेळेवर. अशात फोन आला: "सर, तुमच्या मेंबरशिपला गिऱ्हाईक आहे, पावणेदोन लाख देतो म्हणतोय."

पहिली चूक इथंच झाली. समोरच्याला मेंबरशिप नंबर, घेतल्याचं साल, सीझन सगळं पाठ होतं, म्हणून काकाजींनी तो कंपनीचाच माणूस धरला. पण मेंबरांच्या याद्या फुटतात, विकल्याही जातात. अशा वेळी फोन ठेवायचा आणि करारावर छापलेल्या पत्त्यावर कंपनीलाच लेखी विचारायचं: ट्रान्सफर होते का, फी किती, थकबाकी किती.

सगळ्यांत महागात पडली ती दुसरी चूक, पैसे मिळायच्या आधी पैसे भरणं. आधी एनओसीचे ९,५००. मग पावणेदोन लाखांवर १८ टक्के जीएसटी, ३१,५००. मग १० टक्के टीडीएस, १७,५००. "सगळं रिफंडेबल आहे सर." एकूण ५८,५०० गेले, गिऱ्हाईक काही दिसलं नाही. आता टीडीएस म्हणजे काय? रक्कम देणाऱ्यानं ती देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर. विकणाऱ्यानं तो दलालाच्या खात्यात टाकायचा, हे कुठल्या आयकरात बसतं? बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाच्याही हे त्या क्षणी लक्षात आलं नाही, याचंच मला जास्त वाईट वाटतं. जीएसटीचं बिल आलं तर त्यावरचा पंधरा अंकी-अक्षरी नंबर जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून तो कोणाच्या नावावर आहे ते बघा. महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. अर्थात नंबर खरा निघाला तरी हुरळू नका, दुसऱ्याचा नंबरही छापतात. त्यापेक्षा सरळ म्हणा, "तुमचं कमिशन आलेल्या पैशातून कापून घ्या." पुढं बहुतेक फोन येतच नाही.

"मेंबरशिप आता आमच्याकडे आली, मेंटेनन्स भरू नका," हे त्या दलालाचं काकाजींनी ऐकलं, ही तिसरी चूक. कंपनीच्या दप्तरी मालक अजून काकाजीच होते. थकबाकी व्याजासह वाढली, बुकिंग बंद. अमेरिकेत तर टाइमशेअरमधून सोडवतो म्हणणाऱ्यांचा मोठा धंदाच आहे. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने आणि विस्कॉन्सिन राज्याने अशाच एका जाळ्यावर खटला भरला. ग्राहकांचे, त्यात बरेचसे म्हातारे, ९ कोटी डॉलरहून जास्त उकळल्याचा आरोप होता.

एकदा फसलेल्याचं नाव ठगांच्या यादीत वर जातं. सहा महिन्यांनी "दिल्लीहून वकील बोलतोय, अडकलेले पैसे सोडवून देतो, फक्त कोर्ट फी भरा" असा फोन येतो. काकाजींना आलाच. या वेळी काकूंनी उचलला, हे नशीब.

पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका. लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा. पैसा खात्याखात्यांतून पुढं सरकायच्या आत कळवलं तर बँक तो रोखू शकते. यूपीआय व्यवहाराचा बारा अंकी यूटीआर नंबर हाताशी ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप चॅट पुसू नका.

भांडण खुद्द रिसॉर्ट कंपनीशी असेल तर वाट वेगळी. आधी ग्राहक हेल्पलाइन १९१५. नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. कंपनी मुंबईची असली तरी २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता तिथं, म्हणजे नागपुरातच, तक्रार करता येते. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत मात्र दोन वर्षांची.

काकाजींनी शेवटी कंपनीला ईमेल केला. आठ दिवसांत उत्तर आलं: थकबाकी भरा, ट्रान्सफर होईल. अमरावतीच्या भाचीनं मेंबरशिप घेतली. ट्रान्सफरची खरी फी त्या एनओसीच्या ९,५०० पेक्षा कमी निघाली.