जुन्या डिझेल जीपला इलेक्ट्रिक रेडिएटर फॅन: बसवणी आणि वायरिंग

एमएम ५४०, कमांडर, मेजर अशा जुन्या महिंद्रा जीपमध्ये रेडिएटरचा फॅन वॉटर पंपाच्या पुलीवर बोल्टने आवळलेला असतो. बेल्ट फिरला की पंप फिरतो आणि पंपाबरोबर फॅन. रचना साधी आणि दणकट आहे. अडचण एवढीच, की आयडलिंगला इंजिन हळू फिरते तेव्हा फॅनही हळू फिरतो, आणि टोलनाक्याच्या रांगेत नेमका तेव्हाच वारा हवा असतो. उलट मोकळ्या रस्त्यावर समोरून भरपूर वारा येत असताना फॅन विनाकारण गरगरतो आणि इंजिनाची ताकद खातो. इलेक्ट्रिक फॅन ही अडचण सोडवतो. मात्र तो नीट चालतो की दोन महिन्यांत वायर जाळतो, हे फॅनच्या कंपनीपेक्षा वायरची जाडी, अर्थिंग आणि थर्मोस्विचची (पाणी तापले की फॅन सुरू करणारा स्विच) जागा यांवरच जास्त ठरते.

आधी गाडी कधी तापते ते बघा

ताशी ६०-७० च्या वेगाने सपाट रस्त्यावर तापमानाचा काटा वर चढत असेल तर दोष फॅनचा नाही. त्या वेगाला समोरचा वाराच पुरेसा असतो. तिथे रेडिएटर चोक झालेला असतो, थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) अर्धाच उघडत असतो, बेल्ट सरकत असतो किंवा हेड गॅस्केटमधून गॅस पाण्यात येत असतो. यातले काहीही असेल तर नवा फॅन लावून पैसे वाया जातील. गाडी फक्त ट्रॅफिकमध्ये किंवा उभी असताना तापत असेल आणि वेग घेतल्यावर काटा खाली येत असेल, तरच फॅन हे उत्तर आहे.

जी जीप दहा माणसे आणि टपावर सामान घेऊन रोज लांब घाट चढते, तिचा मूळ फॅन काढू नये. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन वरच्या आरपीएमवर असताना बेल्टवरचा फॅन भरपूर हवा ओढतो आणि तेवढी हवा बाजारातला साधा १२ इंची इलेक्ट्रिक फॅन देत नाही. अशा गाडीचे फुटलेले श्राउड (फॅनभोवतीचे, पूर्ण जाळीतून हवा ओढायला लावणारे झाकण) आधी बदला. तेवढ्याने भागले नाही तर रेडिएटरच्या पुढे एक छोटा पुशर, म्हणजे हवा ढकलणारा, फॅन मदतीला द्या.

फॅन निवडणे

मूळ फॅन काढायचा असेल तर इंजिनाच्या बाजूने बसणारा, हवा ओढणारा पुलर फॅनच घ्या. पुढून बसवलेला पुशर फॅन बंद असताना समोरच्या वाऱ्याला अडवतो. रेडिएटरच्या जाळीची रुंदी मोजा आणि बसेल तेवढा मोठा, १४ किंवा १६ इंची फॅन बघा. कुर्ल्याच्या भंगार बाजारात गाड्यांचे मूळ फॅन श्राउडसकट मिळतात आणि नव्या पण हलक्या दर्जाच्या फॅनपेक्षा ते बऱ्याचदा चांगले निघतात. घेण्याआधी पाती हाताने फिरवून बघा. शाफ्टला आडवा खेळ असेल किंवा मोटर खरखरत असेल तर ठेवून द्या.

नंतर फॅन थेट बॅटरीवर, मध्ये ३० अँपिअरचा फ्यूज घालून चालवा आणि करंट मोजा. यासाठी डीसी मोजणारा क्लँप मीटर लागतो. स्वस्तातले बरेचसे क्लँप मीटर फक्त एसी मोजतात, तेव्हा विकत घेताना बघून घ्या. साध्या मल्टिमीटरची १० अँपिअरची रेंज इथे उपयोगाची नाही, तिचा फ्यूज उडेल. १२ इंची फॅन साधारण ८ ते १२ अँपिअर घेतो, १६ इंची १५ ते २०. सुरू होताना क्षणभर याच्या दुप्पट-तिप्पट करंट जातो. वायर, फ्यूज, रिले सगळे या मोजलेल्या आकड्यावरून ठरते.

जुना फॅन काढताना

बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. फॅन आणि त्यामागचा स्पेसर काढला की पुली मोकळी होते, पण ती त्याच बोल्टांनी परत आवळायची असते. इथेच मोठी चूक होते. फॅन आणि स्पेसर गेल्यावर मूळ बोल्ट लांब पडतात. पुढे टेकून ते पुली घट्ट धरत नाहीत किंवा मागे बाहेर येऊन पंपाच्या बॉडीला घासतात. त्याच आट्याचे आखूड बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर घ्या. आवळून झाल्यावर पुली हाताने पूर्ण एक फेरा फिरवून बघा. बेल्ट आहे तसाच राहणार, कारण पंप त्याच्यावरच चालतो.

बसवणी

जाळीतून प्लॅस्टिकच्या काड्या ओवून फॅन बांधायची पद्धत जीपसाठी सोडून द्या. खराब रस्त्यावर फॅन थरथरतो, काड्या नळ्यांवर घासतात आणि काही महिन्यांत रेडिएटर गळायला लागतो. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंच्या चौकटीला २० बाय ३ मिलिमीटरच्या लोखंडी पट्ट्या बोल्ट करा, मध्ये रबरी वॉशर द्या आणि फॅन त्या पट्ट्यांवर बसवा.

श्राउड नसेल तर फॅनच्या गोलाएवढ्याच जाळीतून हवा जाते, कोपरे गरम राहतात. १ मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचे पूर्ण जाळी झाकणारे श्राउड करून घ्या. पत्रा आणि जाळी यांत २० ते २५ मिलिमीटर पोकळी ठेवा म्हणजे हवा चारही कोपऱ्यांतून येईल, आणि कडेला रबरी पट्टी लावून फटी बुजवा. मोटरची पाठ आणि पंपाची पुली यांत किमान २५ मिलिमीटर अंतर हवे. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते आणि जोरात ब्रेक मारला की पुढे येते. माउंटिंग जुनी असतील तर अंतर आणखी ठेवा.

हवेची दिशा कागदाने तपासा. फॅन चालू असताना रेडिएटरच्या पुढच्या बाजूला धरलेला कागद जाळीला चिकटला पाहिजे. उडाला तर मोटरच्या दोन वायरी उलटून दिशा बदलते, पण पाती एका दिशेसाठीच वळवलेली असतात, त्यामुळे उलटी फिरवली तर हवा बरीच कमी पडते. पाती काढून उलटी बसवता येत असतील तर दोन्ही करा. येत नसतील तर तो फॅन त्या जागेचा नव्हे.

थर्मोस्विच कुठे आणि किती अंशाचा

थर्मोस्टॅटवर त्याचा उघडण्याचा अंश कोरलेला असतो, बऱ्याचदा ८२. थर्मोस्टॅट इंजिनाला त्याच्या खाली थंड होऊ देत नाही. म्हणून वरच्या होजमधल्या (इंजिनातून रेडिएटरकडे येणाऱ्या रबरी पाइपातल्या) स्विचचा बंद होण्याचा अंश ८० असेल तर फॅन एकदा सुरू झाला की थांबतच नाही. ८२ च्या थर्मोस्टॅटसोबत वरच्या बाजूला ९५ ला सुरू आणि ९० ला बंद होणारा स्विच ठीक बसतो. स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत असेल तर तिथे पाणी थंड होऊन आलेले असते, तेव्हा ८७-८२ चा घ्या. वरच्या जागेचा स्विच खाली बसवला तर फॅन सुरू होईपर्यंत इंजिन फार तापलेले असेल.

पितळी रेडिएटरला रेडिएटरवाला एम २२ बाय १.५ आट्याचा बॉस (स्विच आवळायची आट्यांची कडी) डाग देऊन बसवून देतो, हा उत्तम मार्ग. दुसरा मार्ग म्हणजे वरचा होज कापून मध्ये ॲल्युमिनियमची नळी घालणे आणि तिच्यात स्विच बसवणे. एक टर्मिनलचा स्विच आपल्या बॉडीतून अर्थ घेतो, आणि ही नळी तर दोन रबरी पाइपांच्या मध्ये लटकत असते. तिला अर्थ मिळतच नाही. नळीला स्वतंत्र अर्थ वायर द्या, नाहीतर दोन पिनांचा स्विच घ्या. एक टर्मिनलच्या स्विचच्या आट्यावर टेफ्लॉन टेपचे जाड वेढेही देऊ नका, त्यानेही अर्थ तुटू शकतो. जाळीत खोचायचे प्रोब स्वस्त असतात, पण ते पाण्याऐवजी पत्र्याचे तापमान वाचतात; जीपमध्ये त्यांच्यावर विसंबू नये.

पाणी उतरवल्यामुळे आत हवा शिरते. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे भरा, कॅप काढून इंजिन आयडलिंगला ठेवा, थर्मोस्टॅट उघडून वरचा होज गरम होईपर्यंत बुडबुडे येऊ द्या आणि पातळी भरत राहा. गरम इंजिनाची बंद कॅप मात्र कधीही उघडू नका.

वायरिंग

फॅनचा करंट चावीच्या स्विचमधून किंवा थर्मोस्विचमधून न्यायचा नाही. त्यासाठी रिले, म्हणजे छोट्या करंटवर मोठा करंट सुरू-बंद करणारा स्विच. २० अँपिअरपर्यंतच्या फॅनला ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले, ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि ३० अँपिअरचा ब्लेड फ्यूज घ्या. १०-१२ अँपिअरच्या फॅनला २.५ चौरस मिलिमीटर वायर आणि २० चा फ्यूज पुरतो. १ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये २० अँपिअर नेले तर जाऊन-येऊन ३ मीटर अंतरात एक व्होल्टपेक्षा जास्त पडतो. फॅन मंद होतो आणि वायर तापते ती वेगळीच.

बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेल्या वायरवर पहिल्या १५-२० सेंटिमीटरमध्येच फ्यूज हवा. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, आणि बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कोणीच वाचवत नाही. फ्यूजपासून रिलेच्या ३० वर या (३०, ८५, ८६, ८७ हे रिलेच्या पिनांचे आकडे). ८७ वरून फॅनच्या पॉझिटिव्हला जा. फॅनची निगेटिव्ह तेवढ्याच जाडीच्या वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला किंवा रंग खरवडून काढलेल्या चासीच्या बोल्टला द्या. रेडिएटरच्या चौकटीला देऊ नका, ती रबरावर बसलेली असते.

रिले ओढणाऱ्या कॉइलसाठी (पिना ८५ आणि ८६) १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, कारण तिच्यातून पाव अँपिअरसुद्धा जात नाही. चावी चालू केल्यावर जिथे करंट येतो तिथून ५ अँपिअरच्या फ्यूजमधून ८६ ला द्या. ८५ वरून थर्मोस्विचला आणि तिथून अर्थला. रिलेच्या आत डायोड असेल तर ८६ पॉझिटिव्ह आणि ८५ निगेटिव्ह हे उलटू नका. पाच पिनांचा रिले हाती आला तर मधली ८७ ए पिन मोकळी सोडून इन्सुलेट करा. रिले बंद असताना तिच्यावर करंट असतो.

८५ वरून आणखी एक वायर डॅशबोर्डवरच्या स्विचमधून अर्थला द्या. थर्मोस्विच बिघडला तरी फॅन हाताने सुरू करता येतो. ८७ वरून १ अँपिअरच्या फ्यूजमधून एक छोटा दिवा डॅशबोर्डवर आणला, तर रिलेने फॅनला करंट दिला की नाही हे चालवणाऱ्याला दिसते. घाटात ही सोय फार मोलाची आहे.

रिले उभा, पिना खाली करून, बॅटरीपासून थोडा दूर बसवा. थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) रॅचेट क्रिंपरने दाबा आणि वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसत्या सोल्डरने जोडलेली वायर जिथे सोल्डर संपतो तिथे कडक होते आणि कंपनाने तुटते. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट घाला.

ऑल्टरनेटरचा हिशेब

हेडलाइटच्या दोन ६० वॉटच्या फिलामेंटना १० अँपिअर, फॅनला २०, वायपर, ब्लोअर आणि टेल लाइट मिळून आणखी ८-१० लागतात. ऑल्टरनेटर ४५ अँपिअरचा असला तरी तो आकडा वरच्या आरपीएमवरचा आहे. आयडलिंगला तो निम्माही देत नाही. रात्री पावसात ट्रॅफिकमध्ये अडकलेली गाडी मग बॅटरीवर चालते. सगळे सुरू करून आयडलिंगला बॅटरीवर मीटर लावा. १३ व्होल्टच्या वर असेल तर ठीक. १२.५ च्या खाली उतरत असेल तर मोठा ऑल्टरनेटर घ्या किंवा कमी करंटचा फॅन लावा.

चाचणी

फॅन चालू असताना मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे फॅनच्या पॉझिटिव्हवर ठेवा. ०.५ व्होल्टच्या आत आकडा हवा. निगेटिव्हच्या बाजूला असेच मोजा, तिथे ०.२ च्या आत. जास्त आला तर जोड एकेक करून मोजत जा, दोष कुठे आहे ते मीटरच दाखवेल. वीस मिनिटे फॅन चालवून फ्यूजच्या होल्डरला हात लावा. चटका बसत असेल तर होल्डर हलका आहे किंवा थिंबल सैल आहे. फ्यूज उडाला म्हणून मोठा फ्यूज घालणे म्हणजे आगीला वाट करून देणे.

मग इंजिन गरम होऊ द्या. काटा चढतो, फॅन सुरू होतो, काटा उतरतो, फॅन थांबतो, असे तीन फेरे उभ्या गाडीत बघितल्याशिवाय घाटात जाऊ नका.

कोकणात पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढणाऱ्यांनी डॅशबोर्डवर साध्या स्विचऐवजी तीन जागांचा स्विच लावावा: एका बाजूला ऑटो, मध्ये बंद, दुसऱ्या बाजूला सतत चालू. मधली पिन ८५ ला, एक बाजू थर्मोस्विचला, दुसरी अर्थला. पाण्यात फिरणारी पाती वाकून रेडिएटर फाडतात आणि अडकलेली मोटर फ्यूज उडवते, म्हणून पाण्यात शिरण्याआधी फॅन बंद करायचा आणि बाहेर येताच ऑटोवर टाकायचा. विसराळू माणसाच्या गाडीला हा स्विच नको. गाडीत एक जादा रिले आणि त्याच अँपिअरचे दोन फ्यूज कायम ठेवा.