चाळीस साइट एकदम, पण त्यातली एकच परत आणता येईल का?

दापोलीपासून मालवणपर्यंत आता होमस्टेवाले, स्कूबावाले, आंबा बागायतदार सगळ्यांनाच वेबसाइट हवी असते. साइट लहान, पैसेही बेताचेच. त्यामुळे या कामात पडलेल्या मुलाकडे बघता बघता तीस-चाळीस साइट साठतात आणि मग तो सगळ्या एकाच जागेवरून सांभाळायचं टूल शोधायला लागतो. वर्डप्रेस, होस्टिंग, डीएनएस तुम्हाला येतं असं धरून लिहितोय.

शोधताना पहिलं सापडतं ते मल्टिसाइट. वर्डप्रेस एकच, त्यात साइट अनेक. २०१० साली ३.० आवृत्तीत हे मूळ वर्डप्रेसमध्येच आलं. फुकट आहे, आणि सुरुवातीला फार गोड वाटतं. प्लगइन एकदा अपडेट केलं की सगळीकडे झालं. मी कामाला लागलो तिथे हेच होतं.

आता आत बघा. डेटाबेस एकच. दुसऱ्या साइटच्या पोस्ट डब्ल्यूपी_२_पोस्ट्स या टेबलात, पाचवीच्या डब्ल्यूपी_५_पोस्ट्समध्ये. इथपर्यंत वेगळं. पण युजर्सचं टेबल सगळ्यांत मिळून एक. आणि होस्टिंगच्या पॅनेलमधला बॅकअप बहुतेक वेळा अख्ख्या डेटाबेसचा असतो, परत आणायचं बटणही अख्ख्याचंच.

एप्रिलचा ऐन हंगाम. गुहागरच्या एका होमस्टेचं बुकिंगचं पान थीम बदलताना मोडलं. ज्यांच्या हाताखाली मी शिकत होतो त्या सरांनी दुपारी आदल्या रात्रीचा बॅकअप चढवला. पान नीट झालं, होमस्टेवाल्या ताई खूश. तासाभराने देवगडच्या बागायतदार काकांचा फोन: "रे, सकाळच्यो ऑर्डरी खंय गेल्यो?" त्यांच्या साइटला कुणी हातही लावला नव्हता. पण डेटाबेस एक, म्हणजे मागे गेल्या त्या सगळ्याच साइट. पेमेंट गेटवेवर पैसे जमा दिसत होते, पण कुणाला किती डझनाची पेटी कुठे पाठवायची, ते पुसलं गेलं होतं. गेटवेच्या यादीतले मोबाइल नंबर काढून एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत बसलो. पुण्याच्या एक बाई "फ्रॉड आहे हा" म्हणून दर वेळी फोन आपटायच्या. बॅकअप चढवण्याआधी त्या घडीची एक कॉपी काढली असती तरी ऑर्डरी वाचल्या असत्या. सरांचं म्हणणं, "एवढं चालतं." नाही चालत. दहा वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या माणसाला आधी एकच विचारा: शेवटचा बॅकअप परत चढवून कधी बघितलात?

तुमच्या गळ्यात आधीच मल्टिसाइट पडलेलं असेल तर घाबरू नका, वाट आहे. डब्ल्यूपी-सीएलआयला (कमांड लिहून वर्डप्रेस चालवायचं टूल) साइटचा पत्ता दिला की तो तिची टेबलं काढून देतो. तेवढीच एक्सपोर्ट करा, तेवढीच परत चढवा. फक्त पोस्टची टेबलं घेऊन थांबू नका. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन, त्याच्या २०२३ मध्ये आलेल्या ८.२ पासून नव्या दुकानांच्या ऑर्डर वेगळ्या टेबलांत जातात. त्या साइटचा आकडा असलेली सगळी टेबलं घ्या, आणि अपलोड्समधलं तिच्या नंबरचं फोल्डरही. एकाच मालकाच्या अनेक साइट असतील, कॉलेजचे विभाग वगैरे, तर मल्टिसाइट उत्तम. वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना एकत्र कोंबायला नको. उद्या एखादा म्हणाला, "माझी साइट मला द्या, मी दुसरीकडे नेतो," की पुन्हा हीच सोडवासोडव.

मी आता प्रत्येकाला वेगळं वर्डप्रेस, वेगळा डेटाबेस, सर्व्हरवर वेगळा युजर देतो. मग एकदम सांभाळायचं कसं? डब्ल्यूपी-सीएलआयच्या एलियसने. प्रत्येक साइटला एक टोपणनाव, मग त्यांचे गट, आणि एकाच कमांडमध्ये अख्ख्या गटाचे प्लगइन अपडेट. सगळ्यांसाठीचं 'ऑल' तयारच मिळतं, त्याचा मोह टाळा. आधी स्वतःची चाचणीची साइट, मग दोन निवांत होमस्टे, मग बाकीचे. कमांडची धास्ती असेल तर मेनडब्ल्यूपी घ्या, म्हणजे सगळ्या साइट एका डॅशबोर्डवरून सांभाळता येतात. मात्र तो डॅशबोर्ड म्हणजे सगळ्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगा आहे. तो वेगळ्या होस्टिंगवर ठेवा आणि लॉगिनला दुसरा कोड लावा.

सर्व्हर दोन-तीन झाले की, सगळ्यांवर एकाच जागेवरून काम करून घेणारं अ‍ॅन्सिबल शिका. त्यात 'सिरियल' लिहिलं की काम सर्व्हरच्या तुकड्यांनी होतं, सगळीकडे एकदम नाही. इथे नवे लोक फसतात. सिरियल सर्व्हर मोजतं, साइट मोजत नाही. चाळीसही साइट एकाच सर्व्हरवर असतील तर त्याचा काही उपयोग नाही, गट तुम्हालाच पाडावे लागतात.

कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर अ‍ॅप चालवायची मोठी यंत्रणा) शिकल्याशिवाय नोकरी नाही असं सांगणारे भेटतील. मोठ्या कंपनीत जायचं तर खुशाल शिका. चाळीस होमस्टेंना ते लागत नाही, आणि ते बिघडलं तर रात्री दुरुस्त करायला तुम्ही एकटेच असता.

एसएसएल (साइटला https देणारं सर्टिफिकेट) लेट्स एनक्रिप्टचं, फुकट, नेहमीची मुदत ९० दिवस. मुदत संपत आल्याची मेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केली, तेव्हा पाळत स्वतःच लावा. डोमेन चुकीच्या सर्व्हरकडे वळलेलं असताना सर्टिफिकेट काढायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. एका नावाचे तासात ५ प्रयत्न फसले की ते थांबवतात. शिकताना त्यांचा स्टेजिंग म्हणजे चाचणीचा पत्ता वापरा.

पावसाळ्यात अपडेट चालू असताना लाईट गेली, वायफाय बसलं, हे होणारच. सर्व्हरवर शिरल्या शिरल्या टीमक्स उघडा आणि कमांड त्यातच चालवा. तुमचं कनेक्शन तुटलं तरी काम तिकडे सुरू राहतं, मोबाइलच्या नेटवरून परत शिरून पाहता येतं.

मोठे बदल जुलै-ऑगस्टमध्ये काढा. आंब्याच्या साइटना पाडव्यापासून मे संपेपर्यंत सुरक्षेच्या अपडेटपलीकडे हात लावू नका, आणि तेही रात्री, कॉपी काढून. पहिलं काम घेण्याआधी स्वस्तातला एक व्हीपीएस (भाड्याचा छोटा सर्व्हर) घ्या, तीन खोट्या साइट उभ्या करा, तिसरीवर खोट्या ऑर्डर टाका, दुसरी मुद्दाम मोडा आणि तेवढीच परत आणून तिसरीच्या ऑर्डर मोजा. एक शनिवार-रविवार पुरतो.