संशोधन सोडून चित्रांवर जगायचे ठरवणाऱ्यांसाठी

वनस्पतिशास्त्रात पीएचडी आणि नंतर काही वर्षे संशोधन करून मी पूर्णवेळ वनस्पतिचित्रकार झाले. त्यामुळे विज्ञान सोडू पाहणारी तरुण मंडळी मला हटकून धाडसाविषयी आणि घरच्यांच्या विरोधाविषयी विचारतात. त्याविषयी मला फारसे सांगण्यासारखे नाही. मी पैसा आणि हक्क यांविषयी लिहिते आहे, कारण विज्ञानातून आलेला माणूस तिथेच अडकतो.

जेआरएफ-एसआरएफ या संशोधन अभ्यासवृत्त्यांच्या (कनिष्ठ आणि वरिष्ठ) वर्षांत भविष्यनिर्वाह निधी साठत नाही, त्यामुळे पस्तिशीत संस्था सोडणाऱ्याची शिल्लक बँकेत लागलेल्या वर्गमित्राच्या जवळपासही जात नाही. जहांगीर कलादालनाची तारीख मिळण्यासाठी काही वर्षे थांबावे लागते आणि ती मिळाल्यावरही भाडे, फ्रेम, वाहतूक हा सारा खर्च विक्रीच्या आधीच करावा लागतो. खासगी कलादालने विक्रीचा तिसरा हिस्सा, कधी निम्मी रक्कमही घेतात. मला ते अन्यायाचे वाटत नाही, पण किंमत ठरवताना ते धरलेले असले पाहिजे. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची कनिष्ठ अभ्यासवृत्ती मिळालीच, तर ती दरमहा १०,००० रुपयांची असते, तर सीएसआयआर या केंद्रीय वैज्ञानिक संशोधन परिषदेची एसआरएफ २०२३ पासून ४२,००० रुपये आहे. दीड वर्षाचा घरखर्च बाजूला काढलेला नसेल तर राजीनामा देऊ नका.

आपल्यासारख्यांची पहिली कमाई बहुधा कुणाच्या मागणीवरून केलेल्या कामाची असते: वनस्पतींच्या पुस्तकातली चित्रे, संग्रहालयातले फलक, उद्यानातल्या पाट्या. मी फसले ते याच कामात. शोधनिबंध स्वीकारला गेला की कॉपीराइट हस्तांतरणाचा फॉर्म न वाचता सही करून पाठवायचा, ही आपली जुनी सवय. त्यात आपले काही जात नाही, कारण निबंधावर नाव राहते आणि पगार संस्था देते. चित्रकाराचा पगार मात्र त्या हक्कातच असतो.

एका संस्थेसाठी मी सह्याद्रीतल्या फुलांची जलरंगातली चित्रे काढली. लेखी म्हणावे असे काहीच नव्हते. फोनवर बोलणे झाले, बिल पाठवले, टीडीएस कापून पैसे आले. पुस्तक देखणे निघाले. पुढे माझेच कारवीच्या फुलांचे चित्र त्यांच्या दिनदर्शिकेवर आणि शुभेच्छापत्रांवर आली, आणि मी त्याच चित्राच्या छापील प्रती विकायला काढल्या तेव्हा त्या थांबवण्याचे पत्र आले. मूळ चित्र माझ्या कपाटात होते, तरीही पत्र बरोबर होते. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, मोबदला देऊन कुणी चित्रकाराकडून रंगचित्र काढवून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक चित्र काढवून घेणाराच ठरतो. चित्राचा कागद कुणाकडे आहे याच्याशी त्या मालकीचा संबंध नसतो. तुम्ही स्वतःहून हक्क लिहून देता तेव्हा कलम १९ थोडे सांभाळून घेते: मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि क्षेत्र लिहिले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. कलम १७ मध्ये मात्र हक्क मुळातच तुमच्याकडे आलेला नसतो, त्यामुळे हे संरक्षणही लागू होत नाही. चित्रकार म्हणून नाव लागण्याचा हक्क कलम ५७ ने शाबूत राहतो, पण नावाने घरभाडे भरता येत नाही.

म्हणून रंग कालवण्याआधी दोन्ही बाजूंच्या सहीने एवढे लिहून घ्या: कॉपीराइट चित्रकाराकडे राहील, अमुक पुस्तकाच्या अमुक आवृत्तीपुरता छपाईचा परवाना दिला आहे, इतर वापराचे पैसे वेगळे. हा कागद पुढे करताना संकोच वाटतो, पण सरळ प्रकाशक त्यावर रागावत नाही. नोकरीत असताना संस्थेच्या ग्रंथासाठी कामाचा भाग म्हणून काढलेली चित्रेही, वेगळा करार नसल्यास, संस्थेचीच असतात. त्यांच्या प्रतींच्या विक्रीवर भिस्त ठेवून बाहेर पडू नका.

महागड्या मेंटरशिप अभ्यासक्रमांविषयी माझे मत वाईट आहे. निवृत्त कलाशिक्षकाकडे आठवड्यातून एक सकाळ बसून मला जे मिळाले, ते ऑनलाइन मार्गदर्शकांना देता आले नाही. फोटोवरून गिरवणेही टाळा, कारण फोटोत पाकळीमागचे पुंकेसर दिसत नाहीत. तुम्ही मात्र फूल उघडून ते मोजले आहेत, सूक्ष्मदर्शकाखाली रेखाटने केली आहेत, मोजपट्टी लावायची सवय तुम्हाला आहे. शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेला ‘अ’ श्रेणी नव्हती म्हणून हिरमुसू नका. पस्तिशी हे या कामात उशिराचे वय नाही.

राजीनाम्याआधी एक पत्र मात्र विभागप्रमुखांकडून अवश्य घ्या: हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) आणि सूक्ष्मदर्शक वापरण्याची परवानगी, मुदत घालून. संस्थेचे ओळखपत्र परत केल्यावर तेच सहकारी तुम्हाला अभ्यागतांच्या वहीत नाव लिहायला सांगतात, आणि वाळवलेला नमुना पाहिल्याशिवाय दुर्मीळ कंदीलपुष्पाचे चित्र पुरे होत नाही.