नकली पाय काढल्यावरही वावरता येईल असं घर: या चुका टाळा

बाबांचा डावा पाय १९७१च्या लढाईत सुरुंगानं नेला, गुडघ्याखालून. त्यानंतर नकली पायावर त्यांनी तीस वर्षं वावरात कापूस पाहिला. सत्तरी ओलांडली, तेव्हा आम्ही वर्धा जिल्ह्यातलं आमचं गावचं घर त्यांच्या सोयीनं बदलायला घेतलं आणि बहुतेक कामं दोनदा केली.

मुळात मापं घेतली तेव्हा बाबा पाय घालून उभे होते. पण रात्री पाय निघतो. मे महिन्यात तर दुपारीही काढावा लागतो, कारण पंचेचाळीस अंशांत सॉकेटमध्ये, म्हणजे नकली पायाच्या वरच्या खोबणीत, घाम साचून स्टंपची, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाची, कातडी सोलते. म्हणून मापं घ्यायची ती रात्री दोनला, एका पायावर संडासाला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाची.

आमचा संडास होता मागं सांदवाडीत. दोन पायऱ्या, आणि दार आत उघडणारं. आत माणूस पडला तर त्याच्याच अंगानं दार अडतं, बाहेरच्याला काही करता येत नाही. दार बाहेर उघडणारं करा, जमलं तर संडास झोपायच्या खोलीला लागूनच घ्या. कमोडची बैठक जमिनीपासून १७ ते १९ इंच ठेवा, म्हणजे उठताना चांगल्या गुडघ्यावर भार कमी येतो.

धरायच्या दांडीचं तर विचारूच नका. मिस्त्रीनं चार इंची भिंतीत टॉवेलची दांडी ठोकून दिली. महिनाभरात ती प्लास्टरसकट हातात आली. नशीब, बाबा अजून उठले नव्हते. जाड स्टीलचा पाइपच लावा. भिंत पातळ असेल तर बोल्ट आरपार काढून पलीकडून लोखंडी पट्टीवर आवळा. जागा मिस्त्रीला ठरवू देऊ नका. बाबांनी बसून-उठून दाखवलं, हात आपोआप जिथं गेला तिथं आम्ही खडूनं खूण केली.

गावात रॅम्प म्हणजे मोटारसायकल चढवायचा उतार. चाकाच्या खुर्चीला तो चालत नाही, माणूस मागं उलटतो. एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. आमचा ओटा दीड फुटाचा, म्हणजे अठरा फूट. शिवाय आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. पहिला रॅम्प घरापासून बोटभर सुटला आणि त्या फटीत कुबडीचं टोक अडकायचं. माती खोदून मुरूम धुमसून मगच कोबा करा. आणि रॅम्प झाला म्हणून पायऱ्या तोडू नका. साध्या नकली पावलाचा घोटा वळत नाही, त्यामुळे पाय घातलेला असताना उतारापेक्षा कठड्याच्या बुटक्या पायऱ्याच बऱ्या पडतात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना नकली.

दारं तीन फुटांची हवीत, नाहीतर खुर्ची ढकलताना कोपरं सोलतात. उंबरठा काढायचा म्हटल्यावर आईनं दोन दिवस अबोला धरला. शेवटी तो फरशीच्या पातळीत बसवला. ती अजूनही त्यावर हळदकुंकू वाहते.

कूलरचा पाइप वाटेतून नेऊ नका. गुळगुळीत टाइल्सवर सांडलेलं पाणी कुबडीला दिसत नाही. गोणपाटाचं पायपुसणंही उचला.

एवढं करूनही बाबा पडत होते, आणि आम्ही फरशीला दोष देत होतो. मग कळलं, ते स्टंपवर एकावर एक तीन मोजे चढवत होते. वयानं स्टंप बारीक होतो, सॉकेट सैल पडतं, ती जागा ते मोज्यांनी भरत होते. फौजी माणूस ते सांगत नाही. सॉकेट दाखवायला माजी सैनिकांसाठी पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र आहे, १९४४पासूनचं. घरी कुणी वरचेवर पडत असेल तर मिस्त्रीला बोलावण्याआधी मोजे मोजा.