न छापलेला निकाल कोर्टात कसा दाखवावा

पक्षकार मोबाइल पुढे करतात. "साहेब, अगदी आमच्यासारखीच केस. हायकोर्टाने बहिणीला हिस्सा नाही म्हटलंय." निकाल छापणारे रिपोर्ट, म्हणजे एआयआर चाळावं, महाराष्ट्र लॉ जर्नल पाहावं, निकाल कुठेच नसतो. तो तसाच कोर्टात नेला की समोरचे वकील लगेच उठतात: "हा अनरिपोर्टेड आहे, कुठल्याच रिपोर्टात छापलेला नाही, याला काय किंमत?"

किंमत असते. कुठला निकाल रिपोर्टात छापायचा हे संपादक ठरवतो. निकालाचं बंधन मात्र तो कुणी दिला, कोणत्या मुद्द्यावर दिला आणि काय कारणं दिली यावरून येतं. संविधानाच्या कलम 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक आहे. त्यात छापील-बिनछापील असा भेद नाही. अमेरिकेत तो भेद आहे. तिथल्या संघीय अपील न्यायालयांत 1 जानेवारी 2007 पासूनचे अप्रकाशित निकाल दाखवायला मनाई करता येत नाही, पण ते सहसा बंधनकारक धरत नाहीत. त्यामुळे इंटरनेटवर वाचलेला तिथला नियम इथे लावू नका.

सुरुवात खऱ्या प्रतीपासून करा. व्हॉट्सअॅपवर आलेली पीडीएफ बाजूला ठेवा आणि ई-कोर्ट्सच्या निकाल शोधण्याच्या संकेतस्थळावरून तोच निकाल फुकट उतरवून घ्या. 2023 पासूनच्या निकालांवर न्यूट्रल सायटेशन, म्हणजे न्यायालयानेच दिलेला ओळख क्रमांक, असतं: आधी वर्ष, मग मुंबई उच्च न्यायालयासाठी बीएचसी, पुढे पीठाची खूण आणि क्रमांक. शेवटी डीबी असेल तर निकाल दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा. शेवटचं पान नक्की वाचा. निकालाला काही आठवड्यांची स्थगिती दिली असेल तर ती तिथेच असते, आणि फिरत आलेल्या प्रतीत नेमकं तेच पान गळलेलं असू शकतं.

मग निकाल कुणाचा ते बघा. नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा गोवा खंडपीठाचा निकालही मुंबई उच्च न्यायालयाचाच. पुण्यातल्या दिवाणी न्यायालयाला तो तितकाच लागू. एका न्यायमूर्तींच्या एकलपीठाच्या निकालाविरुद्ध दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाचा निकाल असेल तर खंडपीठाचा चालतो. शेजारच्या जिल्हा न्यायालयाचा निकाल मात्र कुणावर बंधनकारक नाही, कितीही जुळता असला तरी.

आता खरं कष्टाचं काम: त्यात मुद्दा ठरला आहे का? कन्सेंट टर्म्सवर, म्हणजे दोन्ही पक्षांच्या तडजोडीवर, निघालेला आदेश म्हणजे नजीर, म्हणजे पुढच्या केसना लागू पडणारा दाखला, नव्हे. अंतरिम आदेशही नव्हे, तो तात्पुरत्या सोयीचा असतो. "या प्रकरणाच्या विशेष परिस्थितीत" असं लिहून दिलेला दिलासा दुसऱ्याच्या कामाला क्वचितच येतो. न छापलेल्या निकालांत असे दोन-तीन पानी आदेश पुष्कळ सापडतात, म्हणून इथे घाई करू नका. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद आणि त्यावर न्यायालयाने दिलेली कारणं ज्या परिच्छेदात आहेत, त्यावर पेन्सिलीने खूण करा. तसा परिच्छेद सापडलाच नाही तर तो निकाल घरी ठेवा.

पुढचा प्रश्न: निकाल आजही जिवंत आहे का? बहिणीच्या हिश्श्याचंच घ्या. सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या फुलवती प्रकरणानंतर, 9 सप्टेंबर 2005 रोजी (हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी) वडील हयात असतील तरच मुलीला सहदायिक हक्क, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा हिस्सा, असं धरून निकाल दिले जात. 11 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी विनीता शर्मा प्रकरणात ते मोडीत काढलं. मुलीचा हक्क जन्मानेच, त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. मग 2017 चा एखादा निकाल कितीही आपल्यासारखा वाटला, तरी त्या मुद्द्यावर तो संपला. अशा कागदाच्या भरवशावर बहिणीशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडू नका, ही कळकळीची विनंती.

केस नंबर टाकून पुढे अपील झालं का तेही तपासा. सर्वोच्च न्यायालयाने विशेष अनुमती याचिका (तिथे अपील करू देण्याची परवानगी मागणारा अर्ज) कारणं न देता फेटाळली, म्हणजे खालच्या निकालावर शिक्कामोर्तब झालं असा अर्थ होत नाही. कुन्हयम्मद प्रकरणात 2000 मध्ये हे स्पष्ट झालं आहे.

हे सगळं जुळलं की पूर्ण निकालाच्या प्रिंट काढा: एक न्यायालयासाठी, एक समोरच्या वकिलांना आधीच द्यायला, एक स्वतःला. प्रतीबद्दल शंका घेतली जाईल असं वाटत असेल तर नक्कल विभागात प्रमाणित प्रतीसाठी वेळेत अर्ज करा. विरुद्ध जाणारा निकाल माहीत असेल तर तोही आपल्या वकिलांना दाखवा, लपवू नका. आणि यादी करताना पक्षकारांची नावं, केस नंबर, निकालाची तारीख यांच्यासमोर खूण केलेला परिच्छेद क्रमांक लिहा, म्हणजे न्यायाधीशांना थेट तेच पान उघडता येईल.